हात कोणाचा, उत्तर कोणाचे?

कार्यशाळेचा दुसरा दिवस होता. जेवणानंतरची वेळ. सभागृहात साठ-सत्तर माणसे होती. विशेष शाळांतील शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, मानसशास्त्र घेऊन नुकतेच एम.ए. झालेले काही तरुण आणि मागच्या रांगेत चार-पाच पालक. पडद्यावर चित्रफीत चालू होती. बारा-तेरा वर्षांचा, न बोलणारा एक मुलगा खुर्चीवर बसला आहे, शेजारी एक बाई, बाईंच्या हातात मुलाचे मनगट, समोर अक्षरफळा. मुलाचे बोट एकेका अक्षरावर जाते आणि हळूहळू वाक्य तयार होते : ‘मला सगळे समजते. मला शाळेत जायचे आहे.’ माझ्या शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. चित्रफीत संपली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर मात्र एक गोष्ट मनात खुपू लागली. चित्रफितीत मुलगा बहुतेक वेळ खिडकीकडे पाहत होता आणि अक्षरफळ्याकडे पाहत होत्या त्या बाई. प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभा राहिलो आणि विचारले, “बाईंना प्रश्न माहीत नसताना हे करून पाहिले आहे का?” मार्गदर्शक हसले. म्हणाले, “सर, ही मुले फार संवेदनशील असतात. कोणी शंका घेतली की ती मिटून जातात.” पुन्हा टाळ्या झाल्या. मी खाली बसलो.

ते उत्तर मला त्या वेळी सुचेना म्हणून नव्हे, तर पुढे वाचन केल्यावर अधिकच टोचत राहिले. कारण त्या उत्तराला मोठा इतिहास आहे. तो मुख्यतः अमेरिकेत घडला, आणि तो घडवण्यात प्रयोगशाळेपेक्षा सभागृहांचा वाटा मोठा होता.

मानसशास्त्रज्ञांच्या परिषदांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, हे आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांची संघटना १८९२ साली क्लार्क विद्यापीठात स्थापन झाली. त्याच विद्यापीठाने १९०९ साली फ्रॉइड आणि युंग यांना व्याख्यानांसाठी बोलावले. फ्रॉइडने तेथे जर्मन भाषेत पाच व्याख्याने दिली आणि श्रोत्यांत विल्यम जेम्ससारखा माणूस होता. १९४९ साली कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे सत्तरएक मंडळी दोन आठवडे एकत्र बसली आणि रुग्णांवर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचे शिक्षण कसे असावे यावर त्यांनी खल केला. त्यातून निघालेला विचार आजही महत्त्वाचा आहे : उपचार करणाऱ्याला संशोधनही करता आले पाहिजे, निदान स्वतःच्या उपचाराकडे संशोधकाच्या नजरेने पाहता आले पाहिजे. असा माणूस घडवायचा तर त्याला शंका घ्यायला शिकवावे लागते.

पण परिषद आणि कार्यशाळा यांत एक फरक आहे, आणि तो आपण सहसा लक्षात घेत नाही. परिषदेत निबंध वाचणाऱ्यासमोर त्याच विषयातले प्रतिस्पर्धी बसलेले असतात. आकडे कोठून आणले, तुलनेसाठी दुसरा गट होता का, असे ते विचारतात. कधी कधी खवचटपणेही विचारतात. कार्यशाळेत समोर बसलेला माणूस शुल्क भरून आलेला असतो. त्याला सोमवारी शाळेत किंवा दवाखान्यात जाऊन वापरता येईल असे काहीतरी हवे असते. शिवाय त्याला प्रमाणपत्र हवे असते. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत मानसशास्त्रज्ञाला परवाना चालू ठेवण्यासाठी ठरावीक तासांचे पुढील शिक्षण घ्यावे लागते. आपल्याकडेही पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेल्या व्यावसायिकांना नूतनीकरणासाठी असे गुण मिळवावे लागतात. नियमामागचा हेतू चांगला आहे. पण गुण मिळतात ते हजेरीचे. शिकवलेले खरे होते का, आणि ते शिकणाऱ्याला जमले का, या दोन गोष्टी त्या गुणांत धरलेल्या नसतात.

आता मूळ गोष्टीकडे येऊ.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात सेंट निकोलस नावाची तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांची संस्था होती. तेथे रोझमेरी क्रॉस्ली या बाई काम करत. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी अ‍ॅन मॅकडोनल्ड या मुलीचा हात धरून तिला अक्षरे दाखवायला शिकवले. अ‍ॅनला सेरेब्रल पाल्सी होती. तिला बोलता येत नव्हते आणि हातांवर ताबा नव्हता. हात धरल्यावर तिच्याकडून शब्द, वाक्ये, पुढे परिच्छेद येऊ लागले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७९ साली अ‍ॅनला संस्थेबाहेर पडण्याची मुभा मिळाली. क्रॉस्ली यांनी पुढे १९८६ साली स्वतंत्र केंद्र काढले आणि हीच पद्धत स्वमग्न मुलांसाठीही वापरायला सुरुवात केली.

अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे डग्लस बिक्लेन हे विशेष शिक्षणाचे प्राध्यापक. अपंग मुलांना वेगळ्या संस्थांत कोंडून ठेवू नये, त्यांना सर्वांबरोबर शिकू द्यावे, या मताचे ते आग्रही पुरस्कर्ते होते आणि या बाबतीत त्यांचे म्हणणे योग्यच होते. मेलबर्नला जाऊन त्यांनी ही पद्धत पाहिली आणि १९९० साली ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. पद्धतीचे नाव ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’. आपण तिला साहाय्यित संवाद म्हणू. सहायकाने मुलाचा हात, मनगट किंवा कोपर धरायचा, त्याला आधार द्यायचा, आणि मुलाने अक्षरे दाबायची. गृहीतक असे होते की स्वमग्न मुलाची भाषा शाबूत असते, अडचण असते ती केवळ हालचालीची. हाताला आधार मिळाला की आत अडकलेले बोलणे बाहेर येते.

गृहीतक वाईट नव्हते. तसे असूही शकले असते. प्रश्न एवढाच होता की ते तपासायचे कसे, आणि तपासायचे कधी. शिकवण्यापूर्वी की नंतर?

शिकवणे आधी सुरू झाले. १९९२ साली सिरॅक्यूजमध्ये या पद्धतीसाठी स्वतंत्र संस्था निघाली. कार्यशाळा, उन्हाळी शिबिरे, परिषदा यांची रांग लागली. एक-दोन दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ आणि पालक आपापल्या गावी गेले. हजारो मुलांचे हात धरले गेले. कधीही न शिकलेली मुले अचूक स्पेलिंगसह कविता लिहू लागली, बीजगणित सोडवू लागली. कार्यशाळांत चित्रफिती दाखवल्या जात, आणि मी पाहिलेली चित्रफीत त्याच घराण्यातली होती. सहायकांना एक सूचना हमखास दिली जाई : मुलाच्या क्षमतेवर विश्वास ठेवा, त्याची परीक्षा घेऊ नका. परीक्षा घेतल्याने त्याचा अपमान होतो, तो घाबरतो आणि संवाद तुटतो.

या सूचनेची गंमत अशी, की ती माणुसकीची वाटते. कोणता चांगला शिक्षक तिला विरोध करील? पण तिचा व्यवहारातला परिणाम एकच होतो : पद्धत चुकीची असेल तर ती चूक कधीच उघडी पडत नाही. चाचणीत यश आले तर पद्धत सिद्ध. अपयश आले तर चाचणी घेणारा दोषी. विज्ञानात अशा विधानाला जागा नसते.

येथे थोडे मागे जाऊ, कारण हात नकळत हलतो ही गोष्ट काही १९९० साली नव्याने कळायची नव्हती. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल याने १८३३ सालीच ती तपासून दाखवली होती. दोऱ्याला अंगठी बांधून हातात धरली की ती विशिष्ट वस्तूंवर आपोआप झुलते, असा समज होता. शेव्हरलच्या हातातही ती झुलली. मग त्याने डोळे बांधून घेतले आणि झुलणे थांबले. हा प्रयोग वर्गात पाच मिनिटांत होतो. कागदावर एक रेघ काढा, दोऱ्याला नट किंवा अंगठी बांधा, मुलाला दोरा रेघेवर स्थिर धरायला सांगा आणि म्हणा, ‘बघ हं, आता ती रेघेच्या दिशेने हलणार.’ बहुतेक मुलांच्या हातात ती हलते. मूल शपथेवर सांगते की मी हलवली नाही, आणि ते खोटे बोलत नसते. आपल्या गावातल्या पाणाड्याच्या हातातली दुबेळकी काठी किंवा तळहातावर उभा राहणारा नारळ यांचेही रहस्य याहून निराळे नाही. प्लँचेटही तेच.

१८५३ साली मायकेल फॅरडेने याहून नेटका प्रयोग केला. त्या काळी इंग्लंडमध्ये टेबल फिरवण्याचे वेड होते. मंडळी टेबलाभोवती बसत, हात वर ठेवत आणि टेबल हलू लागे. फॅरडेने टेबल आणि हात यांच्यामध्ये मऊ चिकट पदार्थाने जोडलेले पुठ्ठ्याचे थर ठेवले. टेबल स्वतः हलले असते तर खालचा थर आधी सरकला असता. सरकला तो वरचा. म्हणजे ढकलत होते हातच. पुढे त्याने हाताचा दाब दाखवणारा एक काटा बसवला. बसणाऱ्यांना तो काटा दिसू लागताच टेबल हलायचे थांबले. प्रामाणिक माणसांना स्वतःचा हात काय करतो हे दिसले की ते आपोआप थांबतात. फॅरडेने कोणालाही लबाड म्हटले नाही.

तिसरे उदाहरण आपल्या व्यवसायाच्या अधिक जवळचे आहे. बर्लिनचे विल्हेल्म फॉन ओस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी हान्स नावाच्या घोड्याला मोठ्या चिकाटीने अंकगणित शिकवले. घोडा खुराने ठोके देऊन बेरजा, अपूर्णांक, तारखा सांगे. १९०४ साली एक समिती नेमली गेली. तिच्यात सर्कशीचा व्यवस्थापक होता, प्राणिसंग्रहालयाचा संचालक होता, शाळामास्तरही होते. समितीने लबाडी नसल्याचा निर्वाळा दिला, आणि लबाडी खरोखरच नव्हती. मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण संशोधकाने एक साधी गोष्ट केली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल अशी व्यवस्था केली. घोड्याचे गणित संपले. विचारणारा माणूस बरोबर आकड्याला डोके किंचित, अगदी काही मिलिमीटर, वर करीत असे, आणि घोडा ठोके थांबवत असे. १९०७ साली फुंग्स्टने हे प्रसिद्ध केले. पुढे त्याने स्वतःच घोड्याची जागा घेतली. समोरचा माणूस मनात आकडा धरी, हा हाताने ठोके देई आणि त्याच्या डोक्याकडे पाहून थांबे. बहुतेक वेळा आकडा बरोबर येई.

फळ्यासमोर उभे असलेले मूल ‘सात आठे…’ म्हणून आपल्या चेहऱ्याकडे पाहते, ‘चोपन्न… पंचाव… छप्पन्न!’ म्हणते आणि आपण ‘शाबास’ म्हणतो. तेव्हा उत्तर कोणी दिले? वीस वर्षे शिकवल्यावरही मला हे दर वेळी ओळखता येत नाही.

तर हे सगळे ज्ञान नव्वद वर्षे पाठ्यपुस्तकांत होते. ते सभागृहात आणण्याचे काम कोणीच केले नाही. ते केले एका संस्थेतील कर्मचाऱ्यांनी, आणि तेही उलट हेतूने.

न्यूयॉर्क राज्यात शेनेक्टडीजवळ ओ. डी. हेक केंद्र ही विकासात्मक अपंगत्व असलेल्यांची संस्था होती. तेथील कर्मचारी ही पद्धत वापरत होते आणि तिच्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. बाहेरचे लोक शंका घेतात, तर त्यांची तोंडे एकदाची बंद करावीत म्हणून त्यांनी प्रयोग आखला. बारा रहिवासी आणि नऊ सहायक. टेबलावर मध्ये आडपडदा. रहिवाशाला एक चित्र दिसे, सहायकाला त्याच्या बाजूचे चित्र दिसे. एकाला दुसऱ्याचे दिसत नसे. कधी दोघांना एकच चित्र दाखवले जाई, कधी वेगवेगळे, तर कधी सहायकाला काहीच नाही. समजा मुलापुढे किल्लीचे चित्र आहे आणि सहायकापुढे कपाचे. कळफलकावर ‘किल्ली’ उमटले तर मूल बोलते आहे. ‘कप’ उमटले तर?

एकूण १८० वेळा हे केले. केवळ रहिवाशाने पाहिलेल्या चित्राचे बरोबर नाव एकदाही आले नाही. चित्रे वेगवेगळी असताना जी बरोबर नावे उमटली ती सहायकाने पाहिलेल्या चित्रांची होती. १९९३ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर या विषयावरचा ‘प्रिझनर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट दाखवला गेला. त्यात हेक केंद्रातले कर्मचारी आपल्याला काय वाटले ते सांगतात. ते पाहण्यासारखे आहे. मुलांचे आवाज सापडले असे समजून त्यांनी काही काळ ज्यांच्याशी गप्पा मारल्या होत्या, ते गप्पा मारणारे ते स्वतःच होते. हे घरोघरच्या आईबापांना जाऊन सांगायचे होते.

१९९४ साली अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने ठराव करून सांगितले की या पद्धतीच्या परिणामकारकतेला वैज्ञानिक आधार नाही. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांतही निकाल बदलला नाही.

यात नुकसान काय झाले, असे कोणी विचारील. मूल बोलत नव्हतेच. आई-वडिलांना चार दिवस आनंद मिळाला, एवढेच. पण सहायकाच्या मनातले जे कळफलकावर उमटते ते नेहमी गोडच असते असे नाही. त्या काळात अनेक मुलांच्या ‘टंकलेल्या’ मजकुरातून घरच्यांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप आले. मेन राज्यातील एका शाळेत वाचा-उपचार करणाऱ्या जॅनिस बॉयन्टन यांच्या हाताखाली एका न बोलणाऱ्या मुलीकडून असाच मजकूर आला. मुले घरातून हलवली गेली. प्रकरण तपासासाठी बोस्टनच्या बाल-रुग्णालयातील हॉवर्ड शेन यांच्याकडे गेले आणि त्यांनी वर सांगितली तशीच चाचणी घेतली. मुलीने पाहिलेले आणि बॉयन्टन यांनी न पाहिलेले काहीही कळफलकावर आले नाही. मुले घरी परतली.

बॉयन्टन यांनी ती पद्धत सोडली. २०१२ साली त्यांनी स्वतःच्या नावाने एका संशोधनविषयक नियतकालिकात कबुलीवजा लेख लिहिला. प्रशिक्षण कसे झाले, विश्वास कसा बसला, चाचणीच्या दिवशी काय झाले, सगळे. असा लेख लिहायला केवढे धैर्य लागले असेल! शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयांत तो वाचायला द्यावा असे मला वाटते.

आता खरा टीकेचा मुद्दा. एवढे झाल्यावर कार्यशाळा थांबायला हव्या होत्या. त्या थांबल्या नाहीत. सिरॅक्यूजच्या संस्थेने पुढे नाव बदलले. बिक्लेन २००५ साली त्याच विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र शाखेचे प्रमुख झाले. नॉर्दर्न आयोवा विद्यापीठात उन्हाळ्यात या पद्धतीच्या समर्थकांची परिषद भरत असे. २०१८ साली अनेक तज्ज्ञांनी लेखी विरोध केला तेव्हा कुठे विद्यापीठाने तिचे यजमानपद सोडले. हेकच्या प्रयोगानंतर हे व्हायला पंचवीस वर्षे गेली.

पद्धतीचे रूपही पालटत गेले. हातावरचा हात कोपरावर गेला, खांद्यावर गेला, मग नुसता बाहीला लागला. दुसऱ्या एका पद्धतीत सहायक मुलाला स्पर्शच करत नाही. तो अक्षरफळा हवेत धरतो आणि मूल त्यावर बोट किंवा पेन्सिल टेकवते. ही ‘रॅपिड प्रॉम्प्टिंग मेथड’. ती भारतातल्या सोमा मुखोपाध्याय या आईने आपल्या मुलासाठी तयार केली, आणि २००१ साली त्या अमेरिकेत गेल्यावर तिचा तेथे प्रसार झाला. एका आईने आपल्या मुलासाठी घेतलेल्या कष्टांविषयी माझ्या मनात शंका नाही. पण फळा धरणारा हात स्थिर नसेल तर फळाच बोटाकडे येऊ शकतो, आणि हान्सच्या बाबतीत तर कोणी घोड्याला हातही लावला नव्हता. अमेरिकेतील वाचा व श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली या दोन्ही पद्धती वापरू नयेत असे निवेदन काढले. फळ्याच्या पद्धतीत अडचण अशी की तिचे पुरस्कर्ते आडपडद्याच्या चाचणीला तयारच होत नाहीत. कारण तेच, मुले मिटून जातात.

येथे एक गल्लत होऊ शकते, म्हणून सांगतो. न बोलणाऱ्या माणसाने कळफलक वापरणे यात काहीच वावगे नाही. चित्रफलक, डोळ्यांच्या हालचालींवर चालणारी यंत्रे, आवाज देणारी उपकरणे यांनी असंख्य लोक संवाद साधतात. तेथे हात दुसऱ्याचा नसतो. आणि खरे दुःख असे की ज्या वर्षांत एखाद्या मुलाचे मनगट धरले जाते, त्या वर्षांत त्याला स्वतःच्या बोटाने ‘पाणी’ आणि ‘नको’ दाखवायला शिकवायचे राहून जाते.

सभागृहातून पसरलेली प्रत्येक गोष्ट खोटीच ठरते असेही नाही. फ्रान्सिन शापिरो या बाईंना १९८७ साली बागेत फिरताना डोळ्यांच्या हालचालींनी मनातला त्रास कमी झाल्यासारखे वाटले. १९८९ साली त्यांनी त्यावर निबंध लिहिला आणि लगेच प्रशिक्षणे सुरू केली. टीकाकारांनी त्यांच्यावर झोड उठवली. पण या उपचारावर पुढे रीतसर चाचण्या झाल्या आणि २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने आघातानंतरच्या त्रासासाठी त्याची शिफारस केली. डोळे हलवण्याचा त्यात कितपत वाटा आहे यावर वाद अजून चालू आहे. उलट उदाहरण हवे असेल तर अपघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळे बोलून मोकळे करण्याचा उपचार पाहा. १९८३ पासून त्याची प्रशिक्षणे जगभर झाली. वाटतेही किती शहाणपणाचे! पण इंग्लंडमध्ये रस्ता-अपघातातल्या जखमींचा तीन वर्षे पाठपुरावा केला तेव्हा, आरंभी ज्यांना जास्त त्रास होता त्यांना या बैठकीनंतर अधिकच त्रास झाल्याचे २००० साली दिसले. सभागृहात बसून या दोन उपचारांतला फरक कोणालाच सांगता आला नसता. टाळ्या दोन्हीकडे सारख्याच होत्या.

आणि समजा, शिकवलेली गोष्ट खरी आहे. मग तरी दोन दिवसांची कार्यशाळा पुरते का? याचेही संशोधन झाले आहे आणि ते आपल्याला, म्हणजे दर सुट्टीत प्रशिक्षणाला जाणाऱ्या शिक्षकांना, फार जवळचे आहे. विल्यम मिलर हे व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील मानसशास्त्रज्ञ. उपदेश न करता, प्रश्न विचारून आणि ऐकून घेऊन माणसाला बदलाकडे नेण्याची एक पद्धत त्यांनी विकसित केली. तिला चाचण्यांचा चांगला आधार आहे. ते स्वतः तिच्या कार्यशाळा घेत. २००१ साली त्यांनी आपल्याच कार्यशाळेची परीक्षा घेतली. सहभागी झालेल्यांनी अभिप्राय-पत्रकांत आपण खूप शिकलो असे लिहिले. पण त्यांच्या प्रत्यक्ष मुलाखतींच्या ध्वनिफिती ऐकल्या तेव्हा बदल थोडाच होता, आणि समोरच्या अशिलाच्या बोलण्यात फरक पडावा एवढा तर नव्हताच. माणसे नवी पद्धत थोडी वापरू लागली होती, पण जुनी सोडत नव्हती.

मिलर तेथेच थांबले नाहीत. २००४ साली त्यांनी १४० व्यावसायिकांवर मोठी चाचणी केली. काहींना नुसती पुस्तिका आणि चित्रफिती दिल्या, काहींची कार्यशाळा घेतली, काहींना कार्यशाळेनंतर त्यांच्या ध्वनिफिती ऐकून लेखी अभिप्राय पाठवला, काहींना दूरध्वनीवरून मार्गदर्शन दिले, काहींना दोन्ही. नुसत्या कार्यशाळेने आलेले कौशल्य चार महिन्यांत ओसरू लागले. ज्यांच्या कामावर कोणीतरी नंतरही लक्ष ठेवले, त्यांचे टिकले. स्वतःचे नाव असलेल्या पद्धतीची, स्वतः घेतलेली कार्यशाळा अपुरी पडते हे स्वतःच मोजून छापणारा माणूस मला त्या सगळ्या चित्रफितींपेक्षा मोठा वाटतो.

आपल्याकडच्या किती प्रशिक्षणांत शेवटच्या तासाला वाटलेल्या पत्रकावर ‘उत्कृष्ट’ या चौकटीत खूण करून आपण बस पकडायला धावलो आहोत! जेवण चांगले असले तर खूण अधिक ठळक. आणि चार महिन्यांनी कोणी वर्गात येऊन पाहिले का? माझ्या वर्गात तरी कोणी आले नाही.

त्या कार्यशाळेच्या शेवटी मी मार्गदर्शकांना गाठले आणि पुन्हा विचारले. सभागृह रिकामे होत होते, त्यामुळे ते जरा मोकळे बोलले. म्हणाले, “तुमचा मुद्दा मला समजतो. पण मी तो प्रयोग केला आणि उत्तर नाही आले, तर त्या आईला मी काय सांगू?” हे उत्तर आदल्या दिवशीच्या उत्तरापेक्षा प्रामाणिक होते. ती आई दाराशी उभी होती. तिच्या हातात नवा अक्षरफळा होता, तेथेच विकत घेतलेला. तिच्याजवळ तिचा मुलगा होता आणि तो तिच्या पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीकडे बोट दाखवत होता. तिचे लक्ष नव्हते. मी तिला म्हणालो, “ताई, त्याला पाणी हवंय बहुतेक.” तिने बाटली दिली, तो घटाघटा पाणी प्यायला, आणि ते दोघे बसस्टँडकडे गेले.